शब्दयोगी अव्यय

पाळकसाहेबांनी कागद दिले, पानाला साठ रुपये.
म्हणाले, उबाळे सर, मराठीत आणा,
धर्मसुधारणेच्या रविवारी वाटायचंय.
जर्मनीतला कुणी कास्पर वेंडलर, लुथरन पंडित,
चारशे वर्षांपूर्वीचा. बाप लोहारांचे भाते शिवणारा.

इथवर सोपं होतं.
जालन्यात भाता कुणाला समजावून सांगावा लागत नाही.
एमआयडीसीच्या भट्ट्या रात्रभर आभाळाची एक कड
तांबडी ठेवतात. तिकडं बघत मी लिहिलं:
कास्परचं बालपण काजळीत गेलं.

मग तो शिकला. लॅटिन, हिब्रू, भांडण.
सव्विसाव्या वर्षी प्राध्यापक,
चाळिशीच्या आत तीस देवळांचा अधीक्षक.
(अधीक्षक लिहिताना मला वसतिगृहाचे खरातमामा आठवले,
कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आमटीत पाणी.)
प्लेगात त्याची चार लेकरं गेली.
मूळ कागदात ती एकाच ओळीत गेलीत.
वाटलं, प्रत्येकाला एकेक ओळ द्यावी,
पण नावं नव्हती.

आणि पुढच्या परिच्छेदात तो वाद.
प्रभुभोजनाच्या भाकरीत प्रभू खरंच असतो,
की भाकरी ही नुसती खूण?
वेंडलर म्हणाला, असतो.
भाकरीत, भाकरीसह, भाकरीखाली.
तिथल्या संस्थानिकाला हे चालणार नव्हतं.
कागद पुढं आला, दौत पुढं आली,
वेंडलरनं हात मागं घेतला.
पुस्तकं गाडीत घातली, बायको, उरलेली एक मुलगी,
आणि बर्फातून निघाला.

मी एकतीस वर्षं व्याकरण शिकवलं, अंबडच्या शाळेत.
'त' सप्तमीचा प्रत्यय,
'सह' आणि 'खाली' शब्दयोगी अव्ययं,
पोरांकडून दामटून पाठ करून घेतलं.
त्याच्यापायी कुणी गाव सोडील, हे डोक्यात आलं नाही.
परीक्षेत त्याला दोन गुण असायचे.

बहात्तर साली आमच्या देवळात पाव मिळेना.
मार्थाआत्यानं मिलोची भाकर थापली,
तांबडी, कडेला चिरलेली,
तव्यावरून थेट पितळी ताटात, वर धुतलेलं फडकं.
तेव्हाचे पाळक घुटमळले, हे चालतं का, म्हणून.
आत्या मागून म्हणाली,
काहून थांबलात? उचला, खाली ओल धरायली.
त्यांनी उचलली.
मी नऊ वर्षांचा, पुढच्या चटईवर.
गावातल्या विहिरींचे तळ दिसत होते त्या साली,
आणि ताटात, भाकरीच्या आकाराचं,
गोल, चकाकणारं पाणी.

हे मी पाळकसाहेबांना सांगितलं नाही.
ते कागद चाळत म्हणाले, सर, भाकरी तीनदा कशाला?
'भाकरीमध्ये' एवढं पुरे. जागा कमी आहे.
माणूस वाईट नाही. तो संस्थानिकही नसेल कदाचित,
त्याच्याकडंही जागाच कमी असेल.
मी म्हणालो, तीन राहतील.
मग लेकरांची ओळ काढू?
नाही.
पंख्याचा आवाज येत राहिला.

शेवटी मीच लाल पेन मागितलं
आणि खालची यादी खोडली:
वेंडलरचे अकरा ग्रंथ, सालासकट,
अकरावा अपुरा, कुठल्याशा खेड्यात, मेणबत्तीवर लिहिलेला.
खोडताना एकदा हात अडला. खोडली.

पानं साडेतीन भरली.
त्यांनी दोनशे दहा मोजून दिले.